गुडघा नाजूक, डोकं तल्लख : आजारी छोट्या कुत्र्याला करामती शिकवताना

आमच्या तर्रीचं वजन पाच किलो, वय नऊ. रंग पोह्यांवरच्या तर्रीसारखा तांबूस, म्हणून नाव तर्री. जात विचाराल तर अर्धी पॉमेरेनियन, अर्धी नागपूरच्या प्रतापनगरची. तिच्या डाव्या मागच्या पायाची वाटी सरकते, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, श्वासनलिका ढिली आहे आणि सहा दात काढून झालेत. डोकं मात्र असं, की फ्रिज नुसता पाण्यासाठी उघडला की चिकनसाठी, हे ती दुसऱ्या खोलीतून ओळखते.

तीन वर्षांपूर्वी मी तिला दोन पायांवर नाचायला शिकवलं होतं. भाच्याच्या वाढदिवसाला पोट्टे टाळ्या वाजवत होते, मी मोबाईल धरून ‘अजून एकदा’ म्हणत होते. सहाव्या वेळी ती किंचाळली आणि पाय वर धरून बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा चाचपला आणि विचारलं, ‘‘हे हिला शिकवलं कोणी?’’ मी टेबलाकडे बघत राहिले.

त्यानंतर मी शिकवणं बंद केलं, आणि ते आणखी वाईट झालं. हुशार कुत्र्याला काम दिलं नाही की ते स्वतःच काढतं. तर्रीने सोफ्याची शिवण उसवायचं काम काढलं. मग उलट्या बाजूने सुरुवात केली. तिच्या उपचारांना काय काय लागतं ते कागदावर लिहिलं : स्टेथोस्कोप लावताना स्थिर राहणं, तपासणीसाठी कुशीवर पडणं, गोळी गिळणं, तोंड उघडू देणं. यातली जमेल तेवढी कामं तिच्यासाठी खेळ करून टाकायची असं ठरवलं. गमतीच्या करामतीही शिकवल्या, पण शरीराला झेपतील अशाच. तीच पद्धत इथे देते आहे.

आधी डॉक्टर, मग खाऊ

‘‘ट्रिक्स शिकवू का?’’ असं विचारलंत तर डॉक्टर ‘‘शिकवा, जपून’’ म्हणतील आणि तुम्ही होता तिथेच राहाल. हालचालींची नावं घेऊन विचारा. बसणं-उठणं किती वेळा चालेल? गोल फिरणं? कुशीवर लोळणं? मागच्या पायांवर उभं राहणं? पायरी? घरी तिच्या चालण्याचा व्हिडिओ काढून न्या, बाजूने आणि मागून. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं लंगडायचंही विसरतं.

छोट्या कुत्र्यांची ठरलेली दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं पथ्य वेगळं. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या एका खाचेत वरखाली होते. खाच उथळ असली की वाटी आतल्या बाजूला घसरते, मग कुत्रं चार पावलं तीन पायांवर उडत जातं, पाय मागे ताणतं आणि वाटी जागेवर बसली की काही झालंच नाही असं चालू लागतं. याच्या चार श्रेणी असतात, तुमच्या कुत्र्याची कोणती ते विचारून लिहून ठेवा. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. ही कडी मऊ पडली की नळी चपटी होते आणि बदकाच्या ओरडण्यासारखा खोकला येतो. अशा कुत्र्याच्या गळ्यात दोरीचा पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेसच हवा. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला मणक्यातल्या चकत्यांचा धोका, म्हणून उड्या आणि पीळ पडेल असं काही नको. पग आणि शिह त्झूचं नाक चपटं, त्यांना ऊन आणि दम दोन्ही लवकर बाधतात.

औषधांच्या वेळाही विचारा. हृदयाची काही औषधं उपाशीपोटी द्यायची असतात, पिमोबेंडान त्यातलंच. ते जेवणाच्या तासभर आधी द्यायचं आणि आपण त्याच तासात चिकनचे तुकडे चारत बसायचं, असं आमच्याकडे दोन आठवडे चाललं होतं. लघवी वाढवणारं औषध सुरू असेल तर शिकवणीआधी बाहेर फिरवून आणा, आणि पाण्याचं भांडं कधीही उचलू नका. फिट्सच्या औषधाने सुरुवातीला पाय लटपटतात आणि भूक वाढते. स्टेरॉइडनेही भूक खवळते. हावरटपणा हा उत्साह समजू नका.

आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि तिथे जनावरांचं चिकित्सालयही आहे. नेहमीच्या डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली तर तो पर्याय ध्यानात असू द्या.

आठवडाभर नुसतं बघा

एक वही घ्या. रोज कुत्रं गाढ झोपलं असताना छाती तीस सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. झोपेतला श्वास मिनिटाला तीसच्या आत असायला हवा. हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्यात हा आकडा वारंवार तीसच्या वर जाऊ लागला तर शिकवणी राहू द्या, डॉक्टरांना फोन करा. पाय कधी उचलते, खोकला कशानंतर येतो, दिवसात सगळ्यात तरतरीत कधी असते, हेही टिपा.

त्याच वहीत दुसरीकडे लिहा : ती न सांगता काय काय करते? तर्री सकाळी गॅलरीत उन्हाच्या पट्ट्यात पडून पुढच्या पंजांवर हनुवटी ठेवते. आमची सगळ्यात गाजलेली करामत त्यातूनच निघाली, तिच्याकडे पुढे येते.

फरशी आणि ऊन

गुळगुळीत टाइल्स ही नाजूक गुडघ्याची पहिली वैरी. पाय बाजूला फाकतात, आणि ते सावरताना वाटी सरकते. शिकवणी योगा मॅटवर घ्या. सतरंजी घालणार असाल तर खाली रबराची जाळी हवीच, नाहीतर कुत्र्यासकट सतरंजी घसरते. नखं कापा, तळव्याच्या गाद्यांमधले केस छाटा. नुसत्या केस छाटण्याने तर्रीचं घसरणं निम्म्यावर आलं.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल नागपूरकरांना मी काय सांगणार! पण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य कूलर. पारा ४५ च्या पुढे गेला की आमची शिकवणी सकाळी साडेसहाच्या आत, नाहीतर रात्री नऊनंतर, तीही घरात कूलरसमोर. कूलरची मात्र सवय लावावी लागते, तो सुरू होतानाच्या घरघरीला बरीच कुत्री बिचकतात. आधी लांबून, पंखा कमी ठेवून. आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत कूलर नुसता ओल वाढवतो, तेव्हा पंखाच बरा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचा गलका कानावर येणाऱ्या भागात राहत असाल, किंवा दिवाळी असेल, तर त्या दिवसांत नवीन काही शिकवू नका.

खाऊचा हिशेब

दिवसाच्या एकूण आहारात खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. पाच किलोच्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या, फार न पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० कॅलरी पुरतात, म्हणजे खाऊला मिळाल्या ३५. त्यात उकडलेलं चिकन, तेही छातीचं, जेमतेम २० ग्रॅम बसतं. अर्ध्या वाटाण्याएवढे तुकडे केले तर मात्र चाळीसच्या आसपास होतात, आणि कुत्रं आकार बघत नाही, किती वेळा मिळालं ते मोजतं. आता आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, चहासोबतचं एक मारी बिस्कीट वीस-पंचवीस कॅलरीचं. ‘‘एकानं काय होते वं, मुकं जनावर आहे.’’ होते बाप्पा. दिवसाचा अर्ध्याहून जास्त कोटा एका घासात जातो, आणि वाढलेलं वजन त्याच गुडघ्यावर आणि त्याच हृदयावर येतं.

चिकन न चालणाऱ्या घरात उकडलेला लाल भोपळा, गाजर, रताळं बिनामिठाचं द्या. तिचा रोजचा कोरडा आहार असेल तर त्यातलेच दाणे सकाळी बाजूला काढून तेच बक्षीस म्हणून वापरता येतात. हृदयाचा त्रास असेल तर चीज, फरसाण, पापड असलं खारट नको. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर तूप आणि चरबी नको. मूत्रपिंड किंवा मधुमेह असेल तर खाऊ कोणता आणि किती, ते डॉक्टरच ठरवतील. दात काढलेले किंवा दुखरे असतील तर मऊ खाऊ.

द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण आणि शुगर-फ्री पदार्थांत येणारं झायलिटॉल हे विष समजा. शिऱ्यातला बेदाणासुद्धा. सावजीच्या रश्शाचं हाड कुणी प्रेमाने पुढे केलं तर हात जोडून नको म्हणा, त्यात कांदा-लसूण तर आहेच, वर तिखट आणि तेल. संत्र्याची बी काढलेली एखादी फोड विषारी नाही, पण गोड आहे, मधुमेही कुत्र्याला नको. तर्री तर वास घेऊन तोंड फिरवते. नागपूरची असून.

गोळी देण्याची युक्ती इथेच सांगून टाकते. रताळ्याचे तीन छोटे गोळे करा. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा रिकामा आणि तो तिच्या नाकासमोर तयार. तिसरा दिसतोय म्हटल्यावर दुसरा ती न चावता गिळते. जे औषध उपाशीपोटी द्यायचं असतं, त्यासाठी गोळा चालेल का ते आधी विचारा.

शब्द आधी ठरवा

मराठी घरात कुत्र्याशी इंग्रजीत बोलायचं असतं, हा नियम कुणी केला कोण जाणे. नवरा ‘सिट’ म्हणायचा, कामवाल्या मावशी ‘बैठ’, मी ‘बस’, आणि आई ‘बसनं वो माय’. त्यात ‘बस’ची खरी गंमत अशी की जेवताना पानात वाढणाऱ्यालाही आपण ‘बस, बस’ म्हणतो. तर्री टेबलाखाली उगीचच बसायची-उठायची, आणि प्रत्येक बसण्याला गुडघा वाकायचा. शेवटी फ्रिजवर कागद लावला. एका कामाला एकच शब्द, रोजच्या बोलण्यात न येणारा, आणि सगळ्यांनी तोच. भाषा कोणतीही चालते. ऐकू कमी येत असेल तर हाताच्या खुणा ठेवा, दिसत कमी असेल तर आवाज आणि स्पर्श.

‘टिक’

कुत्र्याला नेमकं कशाबद्दल बक्षीस मिळालं ते कळायला एक ठराविक आवाज लागतो. तो आवाज म्हणजे फोटो : जे केलंस ते अगदी या क्षणी बरोबर होतं. १९४० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे शिष्य केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी जनावरांना शिकवताना ही पद्धत रुळवली. बाजारात यासाठी क्लिकर, म्हणजे दाबलं की टक् वाजणारी छोटी डबी, मिळतो, पण बिचकणाऱ्या छोट्या कुत्र्याला तो कर्कश वाटू शकतो. मी बटणाचं बॉलपेन वापरते. आवाज हलका, आणि घरात हरवलं तर दुसरं सापडतं.

पहिले दोन दिवस फक्त एवढंच : टिक, लगेच तुकडा. टिक, तुकडा. एका वेळी दहाबारा वेळा. तिने काहीही करायचं नाही. टिक ऐकताच तिची मान तुमच्या हाताकडे वळली की समजायचं, अर्थ पोचला. यापुढे टिक झालं की तुकडा द्यायचाच, टिक चुकून वाजलं असलं तरी. आणि आधी टिक, मग हात हलवायचा. दोन्ही एकदम केलं तर कुत्रं हात बघतं, आवाज ऐकत नाही.

पहिला धडा : नाक लाव

मॅटवर खाली बसा. उघडा तळवा तिच्या नाकापासून चार बोटं लांब, तिच्याच उंचीवर धरा. ती हुंगायला येईल. नाक टेकलं की टिक, तुकडा दुसऱ्या हाताने. पाच-सहा वेळा झाल्यावर तळवा जरा डावीकडे, जरा उजवीकडे. खाली धरा, वर मात्र नाही. हात वर गेला की छोटी कुत्री मागच्या पायांवर उभी राहतात, आणि आपण पुन्हा त्या वाढदिवसाला पोचतो. दहापैकी आठ वेळा ती न चुकता येऊ लागली की तळवा दाखवण्याच्या आधी शब्द म्हणा.

हा धडा साधा वाटतो, पण यानंतर तिला उचलावं लागत नाही. वजनकाट्यावर, हार्नेसमध्ये, सोफ्यावरून उतारावर, सगळीकडे हाताच्या मागे ती स्वतः येते.

हनुवटी ठेव

मला एकच करामत शिकवू दिली तर मी हीच शिकवीन.

तळवा ओंजळीसारखा करून तिच्या हनुवटीखाली, न टेकवता धरा. तिने स्वतः हनुवटी खाली आणून स्पर्श केला की टिक. पहिल्या दिवशी नुसता स्पर्श पुरे. मग एक सेकंद टेकवून ठेवली तर टिक, मग दोन, मग तीन. मध्येच सोपं करा, चारनंतर पुन्हा एक. सतत कठीणच होत गेलं तर हुशार कुत्रं संप करतं.

पाच सेकंद जमले की दुसरा हात कामाला लावा. आधी तो फक्त हवेत हलवा, टिक. मग खांद्याला एक बोट, टिक. मग कान, मग ओठाची कड. स्टेथोस्कोपसाठी मी स्टीलचा चमचा फ्रिजमधल्या पाण्यात बुडवून पुसायचे आणि डाव्या कोपराच्या मागे, फासळ्यांवर टेकवायचे. पहिल्यांदा थंडगार लागताच तर्रीची कातडी थरथरली आणि हनुवटी उचलली गेली. मी चमचा मागे घेतला, थांबले. दहाएक सेकंद तिने चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा येऊन हनुवटी ठेवली.

खरी किल्ली तिथे आहे. हनुवटी उचलली म्हणजे ‘थांब’, आणि तुम्ही खरंच थांबायचं. दुसऱ्या हाताने मान धरून ‘एवढं एकदाच’ केलंत तर महिनाभराची मेहनत गेली. थांबवता येतं हे कळल्यावर कुत्रं थांबवायचं कमी करतं. आज डोळ्यात थेंब, कानात औषध, नाकाशी वाफेचं मास्क हे सगळं आमच्याकडे हनुवटीवरच चालतं. मास्कआधी बूड कापलेल्या कागदी कपात नाक घालायचा सराव केला होता, पलीकडच्या बाजूला तुकडा धरून.

पाया पड

कुत्र्याने पाहुण्यांना नमस्ते करावं ही प्रत्येक घरातल्या आजीची हौस. पण ते मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पंजे जोडून करतात, म्हणजे सगळा भार गुडघ्यांवर आणि कमरेवर. त्यापेक्षा पाया पडणं बरं. जास्त मराठीही आहे.

ती स्वतःहून पडलेली असेल तेव्हाच सुरू करा, म्हणजे दर वेळी उठबस होत नाही. एका पडण्यात पाच-सहा सराव होतात. तुकडा मुठीत घेऊन तिच्या नाकासमोरून सरळ जमिनीवर, दोन्ही पंजांच्या मध्ये आणा. नाक मुठीमागे खाली येईल, हनुवटी मॅटला टेकली की टिक. असं चार वेळा. पाचव्या वेळी मूठ रिकामी ठेवा, हालचाल तीच, तुकडा बाजूच्या वाटीतून. हा टप्पा टाळलात तर कुत्रं आयुष्यभर मुठीत काय आहे ते बघून पाया पडेल. (तशी माणसंही पाहिली आहेत.)

टेकलेली हनुवटी तीन सेकंद टिकू लागली की पाय आणा. छोट्या कुत्र्यांना माणसांच्या पायांची भीती असते, चपलेखाली एकदा तरी शेपूट आलेलं असतं. म्हणून मोठ्या माणसाने खुर्चीत बसायचं, अनवाणी, पाय न हलवता, आणि मॅट आधी दोन हात लांब. रोज वीतभर जवळ. मग शब्द : आधी ‘पाया पड’, एक सेकंद थांबून हाताची खूण. काही दिवसांनी खूण बारीक होत होत सुटते. आम्हाला रोज दोन मिनिटं धरून तीन आठवडे लागले. पहिल्यांदा तिने खुर्चीसमोर जाऊन आपणहून हनुवटी टेकवली तेव्हा आई चष्मा पुसत ‘‘औक्षवंत हो’’ म्हणाल्या आणि पुढची पाच मिनिटं मारी बिस्किटाचा आग्रह धरून बसल्या.

आडवी हो

हृदयाच्या सोनोग्राफीसाठी कुत्र्याला कुशीवर पडून राहावं लागतं, आणि धरून ठेवलेलं घाबरं कुत्रं धापा टाकतं. पडलेली असताना तुकडा नाकाजवळून खांद्याकडे न्या, मान वळेल, कंबर एका बाजूला कलंडेल, तिथेच टिक. पूर्ण कुशीवर यायला दिवस लागू द्या. पाठीचं दुखणं असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. दोन्ही कुशी शिकवा. मग पोटाच्या बाजूला ओला बोळा फिरवा, जेलसारखा. दमा किंवा धाप जास्त असलेल्या दिवशी कुशीवर पाडू नका.

बसल्या जागी डोकं चालवायचे खेळ

पाऊस, ऊन, दुखरा पाय, यातलं काहीही असलं तरी हे चालतं. आप्पेपात्राच्या खळग्यांत तीन-चार ठिकाणी खाऊ ठेवा, सगळ्या खळग्यांवर जुन्या मोज्यांचे गोळे बसवा, आणि ‘शोध’. गोळे तिच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे हवेत. पाच मिनिटं नाक चालवून कुत्रं जितकं निवतं, तितकं अर्धा तास फिरून निवत नाही, असा माझा अनुभव.

खेळण्यांची नावं शिकवणं हा दुसरा. ही मोठ्या मेंढपाळी कुत्र्यांचीच मक्तेदारी असं वाटत असेल तर ऐका : २०१२ मध्ये बेली नावाच्या यॉर्कशायर टेरियरवर शोधनिबंध आला. मालकिणीने नाव घेतलं की हे चिमुकलं कुत्रं ११७ खेळण्यांतून नेमकं तेच आणत असे. सुरुवात एका खेळण्यापासून करा. ‘टोपी’ म्हणा, तिने नाक लावलं की टिक. मग शेजारी एखादी बिननावाची वस्तू, चप्पल किंवा वाटी, ठेवा. दहापैकी आठ वेळा टोपीच निवडली की दुसरं नाव, पण वेगळ्या उच्चाराचं. ‘गोटी’ आणि ‘रोटी’ एकत्र आणू नका. तुमची नजर खेळण्यावर नको, कुत्री नजर वाचतात. छताकडे बघा, मग कळेल शब्द आलाय की तुमचे डोळे. दात नसतील तर आणून द्यायला लावायचं नाही, नाक लावलं तरी झालं. तर्रीची सात नावं झालीत, आठव्यावर गाडी अडली आहे.

थांबायचं कधी

शिकवणी दोन-तीन मिनिटांची, दिवसातून दोनदा. मधल्या टिपा कुत्रं देतच असतं : खाऊ समोर नसताना ओठ चाटणं, जांभई, तोंड फिरवणं, अचानक जमीन हुंगत बसणं. पाय उचलला, खोकला आला, की त्या दिवसापुरतं संपलं. शेवट सोप्या गोष्टीवर, ‘नाक लाव’वर करा. फिट येऊन गेली असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहीच नको. अचानक सुस्ती, ताप, फिकट हिरड्या दिसल्या तर शिकवणीचा कंटाळा समजू नका, आपल्याकडे गोचीडतापही असाच सुरू होतो.

जीभ किंवा हिरड्या निळसर, चक्कर येऊन पडणं, शांत बसूनही श्वासाला झगडणं : सरळ दवाखाना. उन्हाने धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल, तोल जात असेल, तर आधी अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि थंड करत करतच गाडीत घाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या थर्मामीटरचा आकडा बघून उगीच घाबरू नका.

अतिहुशारीचे त्रास

सगळ्या करामती एका दमात करून दाखवायच्या आणि बक्षीस मागायचं, हा पहिला त्रास. तर्री एकदा पाया पडून, कुशीवर होऊन, उठून हनुवटी शोधत आली, मी पेन अजून हातातही घेतलं नव्हतं. न सांगता केलेल्याला टिक नाही, एवढं घरातल्या सगळ्यांनी पाळलं की आठवड्यात निवळतं. भुंकून मागत असेल तर ओरडू नका, तेही तिला उत्तरच वाटतं. उठून पाठ फिरवा, गप्प झाली की परत या.

दुसरा त्रास आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात झाला. तर्रीचा खोकला वाढला. तपासलं, एक्स-रे काढला, आधीपेक्षा वेगळं काही नाही. मग खोलीत मोबाईल उभा करून दिवसभराचं चित्रण केलं. ती झोपेत खोकत नव्हती, फिरून आल्यावर खोकत नव्हती. सकाळी साडेसात आणि दुपारी चार, स्वयंपाकघरात गंजात चहा उकळायला लागला की दारात जाऊन दोनदा खोकायची, आणि आई ‘‘काऊन वं, घसा दुखते का?’’ म्हणत डबा उघडायच्या. लंगडण्याचंही असंच होऊ शकतं. पण क्रम उलटा करू नका : आधी तपासणी, मगच नाटकाचा संशय.

उपाय म्हणून चहाच्या वेळी तर्रीची मॅट दारात घातली आणि ‘पाया पड’ ठरवलं. खोकल्याला काही नाही, हनुवटी टेकली की भोपळ्याचा एक तुकडा, आईंच्याच हातून. डब्यात आता मारीऐवजी भोपळा असतो. असं आई सांगतात.